दर महिन्याच्या पहिल्या रविवारी

पुढचं काही ठरवायचं असलं की सर इंग्रजीत शिरत. एरवी त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं, बाजारात ते हिंदी बोलत आणि दूधवाल्याशी भांडताना अस्सल माळवी. पण एखादी गोष्ट पुन्हापुन्हा घडायची असेल तर ती इंग्रजीतच, आणि तेही सरकारी हुकुमात शोभेल अशा इंग्रजीत.

वीस-एक वर्षांपूर्वी मी धारहून देवासला नोकरीला आलो. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम होतं आणि राहायला जागा हवी होती. टेकडीच्या पायथ्याशी सरांच्या घरावरची खोली रिकामी आहे असं कोणीतरी सांगितलं. सर दारातच उभे होते. त्यांनी मला आत घेतलं नाही, नावही विचारलं नाही. म्हणाले, "नळाला पाणी, ऑन ऑल्टरनेट डेज. गच्ची झाडायची, वीकली, ऑन थर्सडेज. संध्याकाळचा चहा माझ्याबरोबर, फोर्टनाइटली, टिल फर्दर नोटिस."

मी विचारलं, "आणि किल्ली?"

"किल्ली देईन कधीतरी," ते म्हणाले.

किल्ली मिळायला आठवडा गेला. तोवर मी कडी नुसती ओढून कामावर जात होतो. चहा मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी टेबलावर होता.

सर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील देवास संस्थान होतं तेव्हा त्याच्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या दप्तरात इंग्रजी पत्रव्यवहार बघत, आणि सर सांगत की त्यांच्या घरात जेवायलासुद्धा 'अनलेस अदरवाइज ऑर्डर्ड' बोलावलं जाई. गल्लीत सगळे त्यांना मास्साब म्हणत, पण पाठीमागे त्यांचं नाव 'फोर्टनाइट' होतं. त्यांच्याकडे शिकलेली मुलं मोठी होऊन दुकानं चालवत होती आणि सर दिसले की एकमेकांना हाक मारत, "ए भिया, उधारी कब देगा?" "टिल फर्दर नोटिस!" सर ऐकून न ऐकल्यासारखं करत. दूधवाल्याला ते सांगत, "हाफ अ लीटर एक्स्ट्रा, ऑन फुल मून डेज." तो हात जोडून म्हणे, "मास्साब, या अंग्रेजी म्हारी भैंस नी समझे." सर म्हणत, "म्हशीला नको समजू दे. तू समज. दर पुनवेला पाव नाही, अर्धा." म्हणजे समजावून सांगायला त्यांना मराठी-हिंदी चाले. पण ठरलेली गोष्ट एकदा तरी इंग्रजीत उच्चारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि ती ते घराच्या दाराकडे तोंड करून, जरा मोठ्याने उच्चारत.

दाराकडे का, ते मला पहिले काही दिवस कळलं नाही. दाराच्या आत त्यांची मुलगी उभी असे.

तिचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल. सगळे तिला बेबी म्हणत, मी बेबीताई म्हणू लागलो. बुटकी, गोरी, दोन वेण्या, त्यांना लाल फिती. जन्मापासून तिची समज लहान मुलाएवढी राहिली होती. बोलायला तिला चार-दोन शब्द येत आणि तेही अर्धे गिळलेले. पण 'फोर्टनाइटली' हा शब्द ती इतका स्वच्छ उच्चारी की आमच्या कारखान्याच्या मॅनेजरला तो तसा जमला नसता. चहाच्या दिवशी ती माझ्या जिन्याखाली येऊन तो म्हणे, आणि मी खाली उतरलो की टाळ्या वाजवी.

आल्यानंतर महिन्याभरात मी तिला एकदा सहज म्हणालो, "बेबीताई, उद्या तुला शेव आणतो हं." एवढंच. मी वर जाऊन पोचलोही नव्हतो, तर खालून किंचाळी ऐकू आली. धावत आलो तर ती दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत होती आणि सर तिच्या आणि चौकटीच्या मध्ये आपला तळहात धरून उभे होते. मार त्यांच्या हाताला बसत होता. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. तिचा जोर संपला तेव्हा त्यांची बोटं सुजली होती.

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन शेव घेऊन आले, पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दे तिला. आणि आता सांग, पुन्हा कधी. रोज झेपणार नाही तुला. दर पंधरा दिवसांनी?"

"देईन की, सर."

"देईन की नको. ऑन ऑल्टरनेट फ्रायडेज, म्हण. तिच्याकडे बघून म्हण."

मी म्हटलं. बेबीताईने ते माझ्यामागून म्हटलं आणि पुडा घेऊन आत गेली. त्यानंतर मी त्या घरात राहिलो तोवर, आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो तेव्हाही, एकाआड एक शुक्रवारी तिला शेव मिळाली. त्या गोष्टीचा मला अभिमान वाटत असे. मी शब्दाचा पक्का आहे असं मी बायकोलाही सांगत असे. दर वेळी आदल्या संध्याकाळी सर मला रस्त्यात गाठून, घसा खाकरून, "शेव" एवढंच म्हणत असत, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

'उद्या'चं काय झालं होतं, ते त्यांनी मला एका चहाच्या दिवशी सांगितलं. बेबीताई स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. विसळणं हे तिचं काम होतं, डेली, आफ्टर टी.

"हिची आई इंदूरला दवाखान्यात होती," सर म्हणाले. "ही तेव्हा अकरा-बारा वर्षांची. रोज विचारायची, आई कधी? सगळे म्हणायचे, उद्या. शेजारीण म्हणायची, माझी बहीण म्हणायची. कामवाली म्हणायची, बेबी, कल आ जाएगी माँ."

त्यांनी बशीत सांडलेला चहा कपात ओतला.

"मीही म्हणायचो. आई गेल्यावरसुद्धा चार दिवस मीच म्हणालो. सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. मग उद्या म्हटलं की ती डोकं आपटायला लागली. कल म्हटलं तरी. नंतर म्हटलं, थोड्या दिवसांनी म्हटलं, तरी. मराठी-हिंदीतला पुढचा सगळा काळच नासला. आम्ही नासवला."

"मग इंग्रजी?"

"इंग्रजीत तिच्याशी कोणी खोटं बोललेलं नव्हतं," सर म्हणाले. "कोणाला येतच नव्हती ना. मला येत होती, पण मी ती शाळेत ठेवायचो. मग मी ठरवलं की या भाषेत घरात एकही गोष्ट खोटी जाता कामा नये. आणि एकदाच होणारी गोष्ट सांगायचीच नाही. लग्नाला जायचं, दात काढायचा, ते नुसतं उठून करायचं. जे पुन्हा पुन्हा होतं तेवढंच सांगायचं. मागच्या रविवारी झालं होतं म्हणजे येत्या रविवारी होईल, हे तिला पटतं. पुढे एकदाच होणार आहे अशा गोष्टीवर तिचा विश्वास नाही." मग हसून म्हणाले, "माझाही नाही."

ते हसणं मला आवडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून दुकानदार त्यांची थट्टा करू लागले की मी तिथून निघून जात असे. थांबून कोणाला काही सांगण्याइतका मात्र मी धीट नव्हतो.

त्यांचा आठवडा, पंधरवडा, महिना सगळा असा बांधलेला होता. रविवारी सकाळी पोहे-जलेबी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बेबीताईची नखं काढायची. तिमाहीला, म्हणजे सरांच्या भाषेत क्वार्टर्ली, नेमावरला नर्मदेवर जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि परत यायचं. आणि एकाआड एक शनिवारी टेकडीवर. पायऱ्यांनी वर, आधी मोठ्या माताजींचं देऊळ, मग छोट्यांचं, मग खाली. रोपवे झाल्यावरही ते पायऱ्यांनीच जात, कारण पहिल्यापासून पायऱ्या ठरल्या होत्या. ताप असो, पाऊस असो. एकदा सरांच्या सख्ख्या बहिणीच्या तेराव्याला शनिवार आला. सर पानावरून उठले, हात धुतला आणि बेबीताईला घेऊन टेकडी चढून आले. मेहुण्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. सर मला म्हणाले, "तिला कळलं असतं. माझ्या बहिणीला. मेव्हण्याला कळायचं नाही."

लॉकडाउन लागला तेव्हा मला पहिल्यांदा धडकी भरली ती त्या शनिवारची. टेकडीच्या पायऱ्यांची त्यांची वाट आमच्या गल्लीतून जाई, म्हणून मी गॅलरीतून बघत होतो. सर आणि बेबीताई तोंडाला रुमाल बांधून आले. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे लावले होते आणि एक पोलीस उभा होता. गंधवानीकडचा पोरगेला शिपाई, देवासला नवीन. त्याने काठी बांबूवर आपटली.

"ओ अंकल, घर जाओ. मंदिर बंद है."

"बेटा, मुझे मालूम है," सर म्हणाले. "मैं चला जाऊँगा. तू बस इसको बोल दे."

"क्या बोल दूँ? बंद है, बोल तो रहा हूँ."

"ऐसे नहीं. बोल, सस्पेंडेड, टिल फर्दर नोटिस."

शिपायाने सरांकडे पाहिलं, मग बेबीताईकडे. ती काठीकडे बघत ओठ हलवत होती. त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, तो सरळ उभा राहिला, साहेबासमोर राहावा तसा, आणि अडखळत म्हणाला, "मैडम, सस्पेंडेड... टिल फर्दर नोटिस."

बेबीताईने ते त्याच्यामागून म्हटलं. मग वळून स्वतःच घराकडे चालू लागली.

पुढे मंदिर उघडलं तेव्हा सर आधी टेकडीवर गेले नाहीत. ते दोन चौक्या हिंडून त्या शिपायाला शोधून घेऊन आले. नोटिस त्याने लावली होती, तर ती उठवायलाही तोच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तो दारात येऊन "मैडम, खुल गया" म्हणाला, सरांनी ते इंग्रजीत करून त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि त्याला चहा पाजला. बेबीताई चपला घालून उभीच होती.

त्यानंतर वर्षभरात मी पिथमपूरला नोकरी बदलली आणि आम्ही धारला, माझ्या वडिलांच्या घरी राहायला आलो. शेव थांबवायची कशी ते सरांनीच ठरवलं. एका शुक्रवारी तिच्यासमोर मला उभं करून त्यांनी माझ्याकडून "क्लोज्ड, विथ इफेक्ट फ्रॉम टुडे" म्हणवून घेतलं. बेबीताई थोडी रडली. पण डोकं आपटलं नाही. खरं सांगून रडवलेलं तिला चालत असे.

सरांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावलं. मी गेलो तर दवाखान्यात खाटेवर बसून ते संत्र्याची साल सोलत होते, आणि शेजारी बेबीताई फोडी खात होती. सरांचा रंग उतरला होता. त्यांचा पुतण्या पुण्याहून निघाला होता. घर पुढे त्याचं होणार होतं आणि त्याच्या मोबदल्यात बेबीताईचा खर्च तो कायम देणार होता. माणूस सरळ होता, त्याने तो आजवर दिला आहे.

"धारला तुमच्याकडे एक आश्रम आहे," सर म्हणाले. "मतिमंद बायकांसाठी. मी बघून आलो आहे. तिथल्या बायका बऱ्या आहेत. तिथे जेवण डेली अॅट वन, प्रार्थना डेली अॅट सिक्स, असं सगळं मी त्यांना शिकवून ठेवलंय. हसल्या, पण शिकल्या."

"सर, असं का बोलता..."

"ऐक. तिला तुझ्या घरी ने, असं मी म्हणत नाही. ते कोणी करू नये. मला एकच हवंय. तिथलं सगळं नवीन असेल. मी नसेन. मागचं पुढे चाललंय असं एक तरी तिला दिसलं पाहिजे. तू भेटायला ये. किती दिवसांनी, ते तू सांग."

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"घाई करू नकोस. वीकली म्हणू नकोस, ते जमत नाही. अॅन्युअली म्हण. वर्षातून एकदा. तिच्या वाढदिवसाला, दसऱ्याला, कधीही. तिला वर्ष मोठं वाटत नाही. येणार आहे एवढं पक्कं असलं की ती थांबते. वर्षातून एकदा म्हण आणि ते पाळ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोर मरणाच्या दारात बसलेला माणूस, आणि मी, वर्षानुवर्षं शेव पोचवणारा, शब्दाचा पक्का. वर्षातून एकदा काय, मी त्या आश्रमापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होतो. मी बेबीताईकडे वळून म्हणालो, "ऑन द फर्स्ट संडे ऑफ एव्हरी मंथ."

सरांचा हात सालीवर थांबला.

"मोठं बोललास," ते म्हणाले. "कमी कर. अजून तिने म्हटलेलं नाही."

"नाही सर. येईन. नक्की."

"नक्की हा शब्द मला सांगू नकोस," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "कमी कर म्हणतो ना मी!"

तेवढ्यात बेबीताईने ते म्हणून टाकलं. पूर्ण, स्वच्छ, शेवटच्या शब्दापर्यंत. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना समाधान झालं. आज मला तसं वाटत नाही.

ते त्याच आठवड्यात गेले. बेबीताईला काय सांगायचं, यावर नातेवाईक कुजबुजत होते. मी त्यांना बाजूला सारून तिला सांगितलं, "सर क्लोज्ड. विथ इफेक्ट फ्रॉम टुडे." लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जमिनीने दुभंगून मला आत घ्यावं असं झालं. पण ती रडली, आणि रडून झोपली. तेवढं एक मी नीट केलं.

मी आणि माझी बायको तिला गाडीने धारला घेऊन आलो. आश्रमाच्या फाटकाशी तिने माझ्या शर्टाची बाही पकडली. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. तिने ते म्हटलं आणि बाही सोडली. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, ते वर्षातून एकदा म्हणत होते ना? मग तुम्ही इतकं कशाला बोलून ठेवलं?"

"दहा मिनिटं लागतात," मी म्हणालो.

"दहा मिनिटांचं नाही सांगत मी."

पहिले काही महिने मी गेलो. महिन्याचा पहिला रविवार उजाडला की बेबीताई आंघोळ करून, वेण्या घालून बाकावर बसलेली असे. आम्ही बोलत नसू. मी तासभर बसे, ती माझ्या बोटातली अंगठी फिरवत राही, मग मी ते वाक्य म्हणे, ती म्हणे, आणि मी निघे. तिथली एक दीदी, जी तिचं सगळं करी, मला म्हणाली, "भैया, ये महीने भर किसी को तंग नहीं करती. नई आती हैं न, साल-साल रोती हैं. ये नहीं रोई." मला पुन्हा अभिमान वाटला.

मग कुक्षीला मेहुणीच्या मुलाचं लग्न निघालं, नेमकं पहिल्या रविवारी. जायलाच हवं होतं असं नाही. आदल्या दिवशी जाऊन हळद करून परत येता आलं असतं. पण मांडवात सगळे असणार, जेवण, गप्पा. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी जाऊन येईन आश्रमात."

"सांगून तरी या," बायको म्हणाली. "ते तुमचं सस्पेंडेड की काय ते."

मी बुटाची नाडी बांधत होतो. म्हणालो, "जाऊ दे गं. तिला काय कळतंय."

हे वाक्य मी बोललो. गल्लीतल्या दुकानदाराने नाही, त्या घरात इतकी वर्षं चहा प्यायलेल्या माणसाने. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मग साडीची पिन लावू लागली.

पुढच्या रविवारी गेलो तर बाक रिकामा. दीदी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "पिछले इतवार नहा-धोके गेट पे बैठी थी. खाना वहीं मँगवाया, खाया नहीं. अँधेरा हो गया तब दो जनी ने मिलके उठाया. मैं बोली आज नहीं आएँगे तेरे भैया, तो मुझे काट लिया." तिने मनगट दाखवलं.

मी आत गेलो. बेबीताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी समोर गेलो. ती रागावलेली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला पाहिलं आणि नजर पुढे नेली, वाटेतल्या खांबावरून न्यावी तशी. मी पाया पडल्यासारखा खाली बसून ते वाक्य म्हटलं. तिने ते माझ्यामागून म्हटलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गेलो नाही. तिच्या त्या नजरेसमोर पुन्हा जायची लाज वाटत होती. लाज वाटते म्हणून न जाणं फार सोपं असतं. त्यात आपण चांगलेही राहतो आणि घरीही राहतो. एक महिना गेला, मग दोन, मग मुलाची परीक्षा, मग ऑडिट. आश्रमाचा रस्ता टाळून मी लांबच्या रस्त्याने पिथमपूरच्या बसला जाऊ लागलो. असं वर्षाहून जास्त गेलं. म्हणजे सर म्हणाले होते तसं वर्षातून एकदाही मी गेलो नाही.

फोन दीदीचा आला. "भैया, एक बार आके देख जाओ. अब किसी चीज़ का नहीं मानती."

मी गेलो. बेबीताईच्या डोक्याला पट्टी होती. दीदीने सांगितलं ते असं. सरांनी शिकवलेलं सगळं त्या बायकांनी इमानाने चालवलं होतं, जेवण डेली अॅट वन, प्रार्थना डेली अॅट सिक्स. आता त्यातलं एक अक्षर उच्चारलं तरी ती किंचाळते. जेवण एकला येणारच आहे, ते रोज येतं, तरी येणार आहे असं म्हटलं की ती चौकटीकडे धावते. मग त्यांनी सांगणं बंद केलं. तर आता ताट समोर आलं की ती दचकते. आंघोळीला हात धरला की दचकते.

"बताओ तो चिल्लाती है," दीदी म्हणाली, "न बताओ तो डरती है. आप ही बोलो, क्या करें?"

एका माणसाने तीस वर्षं लोकांचं हसणं सोसून, बहिणीच्या तेराव्याचं पान सोडून एक भाषा नितळ ठेवली होती. ती नासवायला मला एक लग्न पुरलं. सर निदान बायकोच्या मरणाने गांगरून खोटं बोलले होते. आणि तिच्यासाठी त्यांनी दुसरी भाषा शोधली. माझ्याजवळ तिसरी नाही. मी शोधून पाहिली. तिला शेजारी बसवून मी बोटांनी खुणा करून पाहिल्या, चित्रं काढून पाहिली. पुढचं काहीही असलं की तिला ते ओळखू येतं, आणि तिचे हात डोक्याकडे जातात.

आता मी जातो. कोणता रविवार, ते मी कोणाला सांगत नाही, स्वतःशीही ठरवत नाही, कारण ठरवलं की माझ्या चेहऱ्यावर दिसेल असं वाटतं. दीदी फाटकाशी विचारते, "भैया, अगली बार कब? मैं ध्यान रखूँगी." मी मान हलवतो. ती समजूतदार आहे, दुसऱ्यांदा विचारत नाही. हे मी लिहितो आहे ते मन हलकं होईल म्हणून नाही. सरांचा एकही विद्यार्थी आता त्यांच्याबद्दल बोलताना हसल्याशिवाय राहत नाही, आणि ते कशासाठी तसे होते हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. बेबीताई आहे, पण ती सांगणार नाही.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांची जेवणाची वेळ होती. बायका ओळीने सतरंजीवर बसल्या होत्या. मी बेबीताईच्या बाजूला जाऊन बसलो. अनोळखी माणूस पंगतीत आला की आपण सरकतो तशी ती जरा सरकली. तिच्या वेण्या कापल्या होत्या, डोक्याच्या जखमेसाठी. दीदीने मलाही ताट दिलं. आम्ही दोघं जेवलो, डाळ, पोळी, बटाट्याची भाजी. तिने हात धुतले, मी धुतले. मग उठलो. निघताना माणूस जे म्हणतो ते 'येतो' माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"जातो, बेबीताई," मी म्हणालो.

पलीकडची एक म्हातारी, मराठी कळणारी, चमकून म्हणाली, "अगं बाई, असं म्हणू नये."

बेबीताईने मात्र मान वर केली. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिने नीट माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तशीच बघत उभी होती.